गव्हर्नरचा पाय कुठे पडला?

१

ज्या कायद्याला नकार द्यायचा म्हणून गव्हर्नर लेम्युएल प्रेथर गुरुवारी सकाळी कडक कॉलर चढवून कचेरीत आले, तो कायदा आदल्या दुपारीच मंजूर होऊन बसला होता. खाली सही गव्हर्नरची होती. फक्त ती प्रेथरांची नव्हती.

सही होती उपगव्हर्नर हायरम स्टॉकवेल यांची. खेचरांचा व्यापार करता करता हे गृहस्थ राजकारणात शिरले होते आणि दोन्हीकडे एकाच पद्धतीने वागत होते. आधी दात मोजायचे, मग भाव सांगायचा.

"तुम्ही सही कशी केलीत?" प्रेथरांनी विचारलं.

"गव्हर्नर म्हणून केली." स्टॉकवेल खुर्चीत ऐसपैस बसले होते. "घटना तुम्हाला पाठ आहे, वकीलसाहेब. गव्हर्नर राज्याबाहेर गेला की तेवढ्यापुरता मी गव्हर्नर. काल दुपारी तुम्ही नदीपलीकडे उतरलात. पलीकडचा काठ दुसऱ्या राज्याचा. मी या कचेरीच्या घुमटावर दुर्बीण घेऊन बसलो होतो, या डोळ्यांनी पाहिलं."

 हा कायदा म्हणजे तुरुंगातले कैदी कोळशाच्या कंपनीला भाड्याने देण्याचा करार होता. खाणीत गेलेला कैदी शिक्षा संपवून क्वचितच परत येई. पहिली तुकडी शनिवारी निघणार होती, आणि तिच्यात अ‍ॅन्सेल होता.

अ‍ॅन्सेल हा त्यांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या डेल्फियाचा मुलगा. कुणाचं तरी डुक्कर पळवल्याबद्दल आत गेला होता. डेल्फियाने एकदाच माफीचा शब्द टाकला होता आणि प्रेथरांनी नाही म्हटलं होतं. घरच्या माणसाला सोडलं तर बाकीच्या आयांना काय तोंड दाखवायचं? पण तिला एक वचन मात्र दिलं होतं, की मी या खुर्चीत असेपर्यंत एकही कैदी खाणीत जाणार नाही. काळ्या माणसांना विकण्याची पद्धत यादवी युद्धाने मोडली होती, ती या कायद्याने मागच्या दाराने आत येत होती. हे डेल्फियाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिचं अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या मालकीत गेलं होतं.

"एक सांगा," प्रेथर म्हणाले. "बोट पलीकडे लागली तेव्हा मुलीची गाडी यायची होती. आम्ही कितीतरी वेळ नुसते बोटीत बसून होतो. तुम्ही तेव्हाच का नाही सही केली?"

स्टॉकवेलांचा चेहरा पहिल्यांदाच थोडा गोंधळला. "मला घाई आवडत नाही," ते म्हणाले. "म्हटलं, उतरू दे माणसाला."

 ते वाक्य प्रेथरांनी मनात नीट ठेवून दिलं. तीस वर्षं साक्षीदार तपासल्यावर माणसाला एवढं कळतं, की खोटं बोलणाऱ्याच्या तोंडून अधूनमधून खरंही निसटतं.

२

प्रेथरांच्या एका सवयीची सगळं गाव टिंगल करी. त्यांची मुलगी लव्हिनिया पलीकडच्या राज्यात दिलेली. आगगाडीचं स्टेशनही पलीकडेच. ती माहेरी यायची तेव्हा प्रेथर बोटीने तिला आणायला जात, पण बोटीतून कधी उतरत नसत. शपथ घेतल्यापासून हा नेम होता. पोरगी धावत येऊन बोटीत चढायची आणि मगच बापाच्या गळ्यात पडायची. गव्हर्नरला पाय भिजायची भीती वाटते, असं लोक म्हणत.

काल मात्र नेम मोडला. कारण काल ऑर्विल गेन्स पडले.

गेन्स म्हणजे प्रेथरांचे जुने भागीदार. 'प्रेथर आणि गेन्स, वकील' ही पाटी अजून बाजारात लोंबत होती. प्रेथर कोर्टात बोलायचे, गेन्स कचेरीत बसून मुद्दे काढायचे. प्रेथर गव्हर्नर झाले ते गेन्सनी लिहिलेल्या भाषणांवर, आणि हे प्रेथर स्वतःच सगळ्यांना सांगत. काल गाडीला उशीर झाला म्हणून गेन्स 'बघून येतो' म्हणत खाली उतरले, चिखलात घसरले आणि ओरडले, "लेम! अरे, हात दे! पाय गेला माझा!"

प्रेथरांनी उडी टाकली. त्या क्षणी घटना, कलम, गव्हर्नरकी, काही म्हणजे काही मनात आलं नाही. गेन्सना उचलून त्यांनी तिथल्याच एका सपाट दगडावर बसवलं, आणि लव्हिनिया येईपर्यंत स्वतःही शेजारी टेकले.

आता प्रश्न असा, की त्यांना उतरवण्यासाठी कुणी डाव रचला होता, की गेन्स पडले आणि स्टॉकवेलांचं नशीब फळफळलं? नशिबावर खटले सोडायची प्रेथरांना सवय नव्हती. ते थेट नदीवर गेले.

३

नावाडी एबेन स्प्रॅग बोटीला डांबर लावत बसला होता. बोटीची एक बाजू नवीकोरी दिसत होती.

"फळ्या कुणी दिल्या, एबेन?"

"कोळसा कंपनीने." एबेनने नजर वर केली नाही. "त्यांचा माल नेतो मी. मोडकी बोट त्यांना नको होती. का? तुम्हाला काय वाटलं, वकीलसाहेब, फळ्यांसाठी मी तुम्हाला बुडवीन?"

"काल तू मला उतरवलं नाहीस, खरंय. पण किती वेळ थांबायचं ते तू ठरवलंस."

"मी? गाडीने ठरवलं!" एबेन उखडला. "आणि ही मेली नदी. बापजन्मात असा दुष्काळ पाहिला नाही. पलीकडच्या खडकातली लोखंडी कडी आठवते ना? नदी कितीही आटली तरी पाणी कडीशी असायचं. काल कडी पार वर, कोरडी ठणठणीत. दोर पुरेना. शेवटी त्या बुडलेल्या जहाजाच्या लाकडाला बांधली बोट. ते जहाज बुडाल्याचं ऐकून होतो, दिसलं यंदाच."

प्रेथरांनी मान हलवली. "मला एक सांग. मी बोटीत बसलो होतो तेव्हा कुठल्या राज्यात होतो?"

एबेन हसला. "ही काय चेष्टा! बोट पलीकडे टेकली की पलीकडचं राज्य. म्हणून तर मी रविवारी तिकडे बोट लावून पितो. इकडे रविवारी दारूबंदी, तिकडे नाही. बोटीतच बसतो, बाटली काढतो, आणि शेरीफला लांबून टोपी काढून सलाम करतो."

"शेरीफ काय म्हणतो?"

"काय म्हणणार? काठावर उभा राहून शिव्या देतो. तिथे त्याचा कायदा चालत नाही ना."

प्रेथरांना हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. त्यांच्या मनात एक शंका डोकावली होती, आणि ती खरी ठरू नये असं त्यांना फार वाटत होतं.

४

घरी जावई कॉर्विन टेट नाश्त्याच्या टेबलावर उशिरापर्यंत रेंगाळला होता. त्याच्याकडे कोळसा कंपनीचे शेअर आहेत, हे सासऱ्याला ठाऊक होतं आणि सासऱ्याला ठाऊक आहे, हे जावयाला. दोघांचं नातं साधारण त्याच पातळीवर चालत असे.

"माझ्यावर संशय आहे ना?" टेटने सरळच विचारलं. "विचारा की, बाबा."

"मी काल बोटीत असणार हे स्टॉकवेलांना तू कळवलंस?"

"ते कळवायला कशाला हवं? लव्हिनिया येणार हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत असतं. आणि कायदा मंजूर झाल्याचं मला वाईट वाटलं, असं खोटं सांगत नाही. पण मी केलं नाही. गंमत म्हणजे, मी तर काल हसत होतो. आम्ही स्टेशनवरून उतरत होतो, खाली तुमची बोट काठाला लागलेली दिसली. मी लव्हीला म्हटलं, बघ, तुझे बाबा आता गव्हर्नर नाहीत, नुसते बाबा आहेत. विचारा तिला."

"हे मी उतरायच्या आधी?"

"आधीच तर. तुम्ही बोटीत खांबासारखे बसला होता. गेन्सकाकांची बोंब नंतर ऐकू आली."

शेजारी बसलेल्या लव्हिनियाने मान डोलावली. "खरंय, बाबा. मी चिडलेसुद्धा त्याच्यावर."

प्रेथर उठले आणि खिडकीशी गेले. जावई निर्दोष ठरला होता. एबेनही निर्दोष होता. एखाद्या वकिलाला याचा आनंद झाला असता. प्रेथरांना मात्र तो झाला नाही, कारण आता एकच नाव उरत होतं.

तेवढ्यात डेल्फिया परातीत गरम व्हिनेगरचं फडकं घेऊन आली. कालपासून गेन्स गव्हर्नरच्याच घरी मुक्कामाला होते, दिवाणखान्यात पाय उशीवर ठेवून.

"तिसऱ्यांदा बांधतेय," ती म्हणाली. "सूज दिसत नाही, पण दुखतंय म्हणतात. साहेब, लोक काहीबाही बोलतायत. शनिवारचं खरं आहे का?"

"अजून नाही," प्रेथर म्हणाले.

 "तुमचा शब्द आहे, एवढंच मला माहीत," ती म्हणाली आणि दिवाणखान्याकडे गेली.

५

दुपार कलली तसे प्रेथर दिवाणखान्यात आले आणि दार लावून घेतलं. पायात कालचेच बूट होते. चिखल वाळून पांढरा झाला होता.

"ये, लेम," गेन्स म्हणाले. "सगळं ऐकलं मी. माझ्या या पायापायी झालं रे. मला तर लाजच वाटतेय."

"ऑर्विल, तुला तो दारूवाला आठवतो? आपला पहिला मोठा खटला."

गेन्स हसले. "पलीकडच्या काठाला बोट बांधून आपल्या गिऱ्हाइकांना दारू विकायचा तो? न आठवून कसं चालेल!"

"पलीकडचे त्याला परवाना नाही म्हणून तुरुंगात टाकायला निघाले होते. आपण म्हटलं, बोट पाण्यात आहे, आणि नदी सगळी आपल्या राज्याची. पलीकडच्या काठापर्यंत. पाणी संपतं तिथे त्यांचं राज्य सुरू. म्हणजे बोटीतला माणूस आपल्याच राज्यात. न्यायाधीशाने मानलं. पुढे तडजोड झाली, खटला वर गेलाच नाही, कुठल्या पुस्तकातही आला नाही. न्यायाधीश वारला. दारूवाला टेक्सासला पळाला. आज ही गोष्ट कोणाकोणाला माहीत आहे?"

गेन्सनी पायाखालची उशी नीट केली.

"एबेनला नाही. तो तिकडे बोट लावून दर रविवारी आपलाच कायदा मोडतो, आणि त्या गाढव शेरीफलाही ते कळत नाही. माझ्या जावयाला नाही. त्याच्या मते बोट टेकली तिथेच माझी गव्हर्नरकी संपली होती. या गावात कुणालाही विचार, सगळे हेच सांगतील. मग खेचरं विकणाऱ्या स्टॉकवेलांनी दुर्बीण लावून वाट का पाहिली? मी बोटीत आयता सापडलो होतो. उतरू दे माणसाला, असं त्यांना कोणी शिकवलं?"

"लेम, तू दमला आहेस."

"मी बोटीतून उतरत नाही, आणि का उतरत नाही, हे जाणणारा जगात एकच माणूस आहे. आणि कशाने उतरेन, हे जाणणाराही तोच."

 मग गेन्सनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा फार म्हातारा दिसे.

"स्टॉकवेलांनी मला वरच्या कोर्टात न्यायाधीशाची जागा देऊ केली," ते म्हणाले. "तू दिली नाहीस तशी. मी ती कमावली होती, लेम. तुझी एकेक केस मी उभी केली. आणि जागा रिकामी झाली तेव्हा तू ती कुणा परक्याला दिलीस, का, तर लोक म्हणतील गव्हर्नरने मित्राची सोय केली. तुझा शत्रू असतो तर बरं झालं असतं. तुझी माणसं म्हणजे तुझ्या प्रामाणिकपणाची किंमत मोजणारी. तू छान राहतोस स्वच्छ, आणि बिल आम्हाला येतं."

हे प्रेथरांना लागलं. त्यात खरं होतं म्हणून जास्तच लागलं. 

"डेल्फियालाही मी नाहीच म्हटलं होतं, ऑर्विल. पोटच्या पोरासाठी मागितलं होतं तिने. तिने मला विकलं नाही. उलट कालपासून तुझा पाय शेकतेय."

गेन्सनी मान फिरवली. "आता काय उपयोग? कायदा झाला. उभा कर मला कोर्टात, तरी सही टिकणारच. तू काठावर उतरलास. हद्द पाण्यापर्यंत, हे तूच सिद्ध केलंयस."

"पाण्यापर्यंत नाही," प्रेथर म्हणाले.

६

"न्यायाधीशाने आपल्याला काय विचारलं होतं, आठव. नदी तर चढते, उतरते. मग हद्द रोज हलणार का? तूच उपाय सुचवलास. साधारण उन्हाळ्यात पाणी जिथवर उतरतं ती रेघ कायमची हद्द धरा. आणि ती रेघ दाखवायला खूण दिलीस, खडकातली लोखंडी कडी. निकालात तीच आहे. अलीकडे आपलं, पलीकडे त्यांचं."

"मग?"

"ती कडी तू कधी पाहिली आहेस, ऑर्विल?"

गेन्सनी चष्मा पुन्हा चढवला.

"नाही पाहिलीस. तू कचेरीत बसून मुद्दा काढलास, चिखल तुडवत जाऊन कडी शोधली मी. तीस वर्षं आपलं असंच चाललं." प्रेथरांनी एक पाय उचलून बूट दाखवला. वाळलेल्या चिखलात नदीतल्या शिंपल्यांचे तुकडे चिकटले होते. "यंदा नदी कधी नव्हे इतकी उतरली. कडी वर कोरडी पडली आहे, बोट बुडालेल्या जहाजाला बांधली होती, एबेन सांगेल. तू पडलास तो चिखल, आपण बसलो तो दगड, सगळं कडीच्या खाली. दर वर्षी तिथे पाणी असतं. मी राज्याबाहेर गेलोच नाही."

"खोटं आहे!"

गेन्स ताडकन उठले आणि खिडकीशी गेले. लांबवर नदी दिसत होती, आणि पलीकडे उघड्या पडलेल्या चिखलाचा रुंद पट्टा. ते दोन्ही हातांनी चौकट धरून पाहत राहिले.

प्रेथर नदीकडे पाहत नव्हते. ते गेन्सच्या पायाकडे पाहत होते. दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवलेले होते आणि फडकं खाली गालिच्यावर गळून पडलं होतं.

गेन्सच्याही ते लक्षात आलं. पण पुन्हा लंगडण्याइतकी हिंमत त्यांच्यात उरली नव्हती.

"उद्या कोर्टात सांगेन मी हे," प्रेथर म्हणाले. "कडी दाखवेन, एबेनला उभा करेन. तो निकाल खरा, हे सांगायला तुलाही शपथेवर बोलावीन. उतरलो का, असं मला विचारतील, तेव्हा तुझं नाव घ्यावं लागेल. त्या परक्याला जागा दिली तेव्हा तुला आधी घरी येऊन सांगायला हवं होतं, तेही मी केलं नाही. ते माझं चुकलं. पण तू ओरडलास ना, तेव्हा मी उडी टाकली, ऑर्विल. राज्य विसरलो, ते सगळे कैदी विसरलो, अ‍ॅन्सेलला विसरलो. तू हाक मारलीस एवढंच कळलं. तू माझ्या गव्हर्नरकीवर डाव लावला नव्हतास. तू यावर लावलास."

  गेन्सनी हॅट घेतली आणि ते सरळ, न लंगडता, पायऱ्या उतरून गेले. कालपासून वापरलेली काठी खुर्चीला टेकलेली तशीच राहिली. प्रेथर खिडकीतून पाहत होते. बाजाराच्या कोपऱ्यावर, दोघांच्या नावाच्या पाटीखाली, ते क्षणभर थांबले आणि पुढे गेले.

दारावर टकटक झाली. डेल्फिया परात घेऊन आत आली. व्हिनेगरच्या वाफेने खोली भरली.

"नवीन गरम केलंय," ती म्हणाली. "गेन्ससाहेब कुठे गेले?"

"अ‍ॅन्सेल शनिवारी कुठेही जाणार नाही, डेल्फिया."

परातीतलं थोडं पाणी सांडलं. तिने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. मग डोळे उघडले, तेव्हा तिला खुर्चीजवळची काठी दिसली आणि गालिच्यावर पडलेलं फडकं.

"आणि गेन्ससाहेबांचा पाय?"

प्रेथरांना उत्तर देताना तिच्याकडे बघवेना.

"बरा झाला."

डेल्फिया काठीकडे पाहत राहिली.  ती वाकली, फडकं दोन बोटांनी उचललं आणि परातीत टाकलं.

"तीनदा बांधलं मी," ती म्हणाली. "माझ्या या हातांनी."

परात घेऊन ती मागच्या दाराने अंगणात गेली. पाणी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने ती परत आली, हात पुसत, आणि टेबलावर जेवणाची मांडामांड करू लागली. गेली कित्येक वर्षं गेन्स गुरुवारी इथेच जेवत. सवयीने तिने त्यांचीही ताटली ठेवली.

प्रेथर ती ताटली उचलायला पुढे झाले, पण त्यांच्याने ती उचलवली नाही. शेवटी डेल्फियानेच ती उचलून नेली.